सतराव्या वर्तुळाखाली

मिनीबसमध्ये उभ्याउभ्या बुरुलनं फोन पाहिला आणि तिचा स्टॉप निघून गेला. निरोप पाच शब्दांचा होता. "एजे, सतरा नंबर मीच ना?" पाठवणारी बेर्मेत. समोरच्या बाईच्या पिशवीतली गाजरं बुरुलच्या गुडघ्याला टोचत होती, ड्रायव्हर मागं वळून कुणावर तरी "दार हळू लावा, घरचा फ्रीज नाही तो" म्हणून खेकसत होता, आणि बुरुलला मात्र जिन्यात एक पायरी चुकावी तसं झालं. निरोपात राग नव्हता, रडणं नव्हतं. थोरल्या बहिणीला 'एजे' म्हणून विचारावं तसं विचारलं होतं. रागावली असती तर उत्तर देणं सोपं गेलं असतं, असं बुरुलला वाटलं, आणि असं वाटल्याचा तिला लगेच राग आला. मग दुसरा विचार आला, तो पहिल्याहूनही वाईट: निबंध इंग्रजीत आहे, बाहेरच्या देशातल्या जर्नलमध्ये आहे, तो कोच्कोरच्या पलीकडच्या खेड्यात पोचला कसा? म्हणजे तो तिथं पोचणार नाही याच हिशेबानं आपण तो लिहिला होता की काय? दोन स्टॉप पुढं ती उतरली. ओश बाजाराच्या बाजूला कोळशाचा धूर नेहमीसारखा जमिनीलगत साचला होता. विद्यापीठात तिचा बाराचा तास होता. ती विद्यापीठाच्या उलट्या दिशेला चालू लागली.

नावं बदलली होती. चालता चालता ती स्वतःशीच बजावत होती, जणू कुणी साक्षीला उभं केलं आहे. चाळीस बायका-मुलींपैकी एकीचंही नाव कागदावर नव्हतं, टोपणनावसुद्धा नव्हतं. नुसती वर्तुळं आणि त्यांत आकडे. परवानगीचा अर्ज अकरा पानांचा होता आणि तो तिनं भरला होता. सातासमुद्रापलीकडच्या समितीतल्या एका बाईनं तर पत्रात खास लिहिलं होतं की, आकड्यांची ही पद्धत अनुकरणीय आहे. ते पत्र बुरुलनं तीनदा वाचलं होतं, चौथ्यांदा विभागप्रमुख मारात बायकेंना वाचून दाखवलं होतं. मारात बायके म्हणाले होते, "पाच पोरं गिटार बडवतात, चाळीस पोरी उसासे टाकतात, आणि तू त्यावर प्राध्यापक होणार. आम्ही उगाच जमीनसुधारणा शिकलो." तेव्हा ती हसली होती. खरं तर तिला त्या पोरींचा अभिमान वाटायचा. 'बेश तार' या पाच जणांच्या बँडसाठी जमलेला फोनवरचा तो गट म्हणजे उसाशांचा कारखाना नव्हताच. तिथं भांडणं होत, आजारी पोरीसाठी वर्गणी निघे, कुणी परीक्षेत नापास झाली तर सगळ्या मिळून मास्तरला शिव्या देत. आणि तिथं गोष्टी लिहिल्या जात. त्या पाचांतल्या इलिम आणि कुबात या दोघांच्या गोष्टी. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, अशा. बाहेर कुणाला दाखवता येणार नाहीत, घरात तर नाहीच नाही, अशा. त्यांतल्या सर्वांत चांगल्या गोष्टी 'अर्चा' या नावानं येत आणि अर्चा म्हणजे बेर्मेत. सत्तावीस वर्षांची सून, नवरा रशियात बांधकामावर, घरी सासू, नणंद, तीन गाई. फोन गोठ्यात चार्ज करायची, कारण घरात करायला लागली की कुणी ना कुणी तो हातात घेऊन बघे.

आणि हे गोठ्याचं बुरुलनं लिहिलं होतं. तळटीप नऊ. चालताना ती थबकली. मागून येणारा माणूस तिच्यावर आदळता आदळता राहिला, "फुटपाथ बापाचा आहे का?" म्हणून पुढं गेला. तळटीप नऊ काढावी, असं तिला त्या वेळीही वाटलं होतं. मग वाटलं, या एका तपशिलानं सगळा निबंध जिवंत होतो. परीक्षकानंही नेमकं तेच वाक्य उचलून कौतुक केलं. दुसऱ्याच्या गोठ्यातल्या उजेडावर आपला निबंध उजळून निघाला आणि आपल्याला तो आपलाच उजेड वाटला. पण केवळ तळटिपेनं बेर्मेत सापडली नसती. गोठ्यात फोन लावणाऱ्या सुना काय कमी आहेत? सापडली ती आकृतीमुळं. हे बुरुलला चालता चालता कळलं, आणि कळल्यावर तिला रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसावंच लागलं.

गटात शिरण्याचा एक रिवाज होता. बाहेरच्या देशातल्या वाचकांना तो फार आवडेल, म्हणून निबंधाचा कणाच तो झाला होता. घरोघर पोरांकडून सात बाप, म्हणजे सात पिढ्यांच्या पूर्वजांची नावं, घोकून घेतात. ज्याला आपले सात बाप सांगता येत नाहीत तो गुलाम, असं म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं. या पोरींनी त्याचीच थट्टा केली होती. गटात नवी आली की तिनं आपले सात सांगायचे: मला कुणी आणलं, तिला कुणी आणलं, तिच्या वरचीला कुणी, असे सात. चुकली तर आठवडाभर तिला कुणी उत्तर द्यायचं नाही. थट्टा थट्टाच राहिली नाही. वर्षभरात पोरी एकमेकींना खरोखरच आजी, नात, चुलती म्हणू लागल्या. "आमच्या शाखेत असली भित्री निपजत नाही" असले टोमणे चालत. बुरुलनं तीन वर्षं बसून ही सगळी वंशावळ मांडली, एकापासून चाळिसापर्यंत, फांद्या आणि डहाळ्या. मग नावं पुसली, आकडे घातले, आणि हात झटकले. परदेशातल्या बाईला ते पुरेसं वाटलं, यात तिचा काय दोष? तिच्याकडं माणूस म्हणजे नाव. पण आपण इथंच वाढलो. आपल्याकडं नावं काढून घेतली आणि वंश तसाच ठेवला तर काय लपलं? आपल्याकडं माणूस ओळखतात ते कुणाच्या खाली कोण यावरूनच. अंधारात शिंकला तरी कुणाचा नातू ते सांगतील. चाळीस जणींच्या हाती ती आकृती पडली असेल तर त्यांनी ती एका दुपारीत, हसतखिदळत, शब्दकोडं सोडवावं तशी सोडवली असेल.

तसंच झालं होतं. संध्याकाळी, दूध काढायच्या वेळी, बेर्मेतचा आवाजी निरोप आला. मागं बादलीवर पडणाऱ्या धारांचा आवाज. "एजे, तुमच्या विद्यार्थिनीनंच टाकलं गटात. कौतुकानं टाकलं हो, बघा आपल्यावर पुस्तक निघालं म्हणून. पोरींनी तासाभरात सगळे आकडे भरले. सतरा म्हणजे अर्चा, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण आमची अयझाद, माझी नणंद, तीही आहे ना गटात, नवीनच, वेगळ्या नावानं. मला ठाऊकच नव्हतं. तिनं ती गोठ्याची ओळ भाषांतर करून वाचली. बहीण मॉस्कोत, बहिणीनं आणलं, सासरी तीन गाई. उड्या मारत घरात आली, 'आई, आपली वहिनी अर्चा आहे, सगळ्या देशात तिच्या गोष्टी वाचतात!' वाईट मनाची नाही हो ती. सतरा वर्षांची आहे, तिला वाटलं सासूबाईंना अभिमान वाटेल. सासूबाई म्हणाल्या, वाच बघू. तिनं शेवटची गोष्ट वाचली. दुसऱ्या पानापर्यंत तिच्या लक्षात आलं आपण काय वाचतोय, तोवर उशीर झाला होता. मी म्हटलं, मी नाही ती. एजे, मी तोंडावर म्हटलं, मी नाही. रविवारी ह्यांचा फोन येतो. सासूबाई म्हणतात, तोवर खरं काय ते कळलं पाहिजे, मग फोनचं काय करायचं ते तो ठरवेल." इथं धारा थांबल्या. गाईला काहीतरी पुटपुटून ती परत बोलली. "सासूबाई तुम्हाला फोन करणार आहेत. तुमचा नंबर त्या कागदावर आहे. तुम्ही फक्त एवढं म्हणा, ती दुसरीच कुणीतरी आहे."

निरोप संपला असं वाटलं तोच आणखी एक आला, अगदी लहान. "आणि एजे, माझ्या खाली कुणीच नाही दाखवलं तुम्ही. तुम्हाला तर मीच आणलं होतं ना?"

स्वयंपाकघरात उभी राहून बुरुलनं तो दुसरा निरोप किती वेळा ऐकला कोण जाणे. पहिला निरोप संकटाचा होता, त्याला काही उपाय करता आला असता. दुसऱ्याला उपाय नव्हता. खरंच होतं ते. तीन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या फोनवर अर्चाच्या गोष्टी वाचून तिनंच तिला पत्र लिहिलं होतं, बेर्मेतनंच तिला गटात घेतलं होतं, सात घोकून घेतले होते. "अर्चा, कुमुश, सारी-काझ, बोरसोक, तेमिर-तिश, लाला, तिनार," असं बुरुलनं अडखळत टाइप केलं तेव्हा बेर्मेतनं चाळीस जणींसमोर लिहिलं होतं, "माझी पहिली लेक. वयानं बारा वर्षं मोठी आहे, पण चालेल." आपण संशोधक आहोत हे बुरुलनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गटाच्या माथ्यावर सूचना टाचली होती. चौथ्या दिवशी कार्यक्रमाच्या तिकिटांची सूचना तिच्यावर आली, मग वाढदिवसांची, मग आणखी कशाची. सांगितलं होतं हे खरं. खाली गाडलं गेलं तेव्हा परत वर आणलं नाही, हेही खरं. पोरी विसरल्या तर काम सोपं होतं. त्या मोकळं बोलत. आणि निबंध लिहायची वेळ आली तेव्हा निरीक्षकानं स्वतः चित्रात असू नये म्हणून सतराच्या खालचं आपलं वर्तुळ तिनं पुसलं. शास्त्राला धरून होतं ते. एक छोटीशी रेघ आणि एक वर्तुळ, रबरानं दोनदा घासलं की गेलं.

तिच्या घराण्याची वंशावळ छापली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. सापार काकांनी वर्गणी काढून, दोन वर्षं खपून, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक केलं होतं. त्यात बापांखाली मुलगे, मुलग्यांखाली मुलगे, आणि तिचे वडील काचकिन यांच्या खाली कोरा कागद, कारण त्यांना तीन मुलीच होत्या. वडिलांनी पुस्तक हातात घेतलं, आपलं नाव शोधलं, त्याखालच्या पांढऱ्या जागेवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "कागद चांगला वापरलाय." एवढंच. ते बोलून त्यांनी भावाला चहा दिला, मटण वाढलं, मेंढीचं डोकंही मानानं त्याच्याच पुढं ठेवलं. बुरुल मात्र रात्रभर धुमसत होती. सकाळी तिनं पुस्तकात पेन्सिलीनं तीन रेघा ओढून तीन नावं लिहिली. काकांनी ती पाहिली आणि हसून म्हणाले, "पोरी, ही माहेरची वही नाही, इतिहास आहे." या इतिहासाचा तिला इतका राग आला होता की पुढचं सगळं शिक्षण तिनं त्या रागावर केलं. पोरींनी पोरींची वंशावळ मांडलेली दिसली तेव्हा तिला गहिवरून आलं होतं ते त्यामुळंच. आणि मग ती वंशावळ कागदावर उतरवायची जबाबदारी तिच्याकडं आली, आणि तिनं काय केलं? सापार काकांनी केलं तेच. एका बाईच्या खाली कोरा कागद ठेवला. काकांना निदान आपण काय करतोय ते माहीत होतं.

शुक्रवारी ती मारात बायकेंकडं गेली. जर्नलला पत्र गेलं, आकृती काढा म्हणून. उत्तर आलं की विनंती विचारार्थ ठेवली आहे. "काढली तरी काय," मारात बायके म्हणाले, "पोरींच्या फोनात ती गेलीच ना? सांडलेलं दूध मांजरीकडून परत मागतेस. आणि ऐक, त्या सासूशी बोलू नकोस. ओळखीबद्दल काही सांगता येत नाही, असं म्हण आणि फोन ठेव. नियमात तसंच आहे." नियम बुरुलला पाठ होता. सांगता येत नाही म्हटलं की सासू काय समजेल, हेही तिला पाठ होतं. ज्या घरात 'नाही' ऐकायची सवय आहे तिथं 'सांगता येत नाही' म्हणजे 'होय'च. ती बाहेर आली. व्हरांड्यात दोन मुली 'बेश तार'चं गाणं गुणगुणत जिना चढत होत्या. त्यांतल्या एकीनं तिच्याकडं पाहून मान तुकवली, आणि बुरुलला वाटलं, हिला ठाऊक आहे. मग वाटलं, काय ठाऊक आहे? दिवसभर असंच चाललं. भाजीवालीनं मोड नाही म्हणून मान हलवली, तरी बुरुलला वाटे, माझ्याकडं बघून हलवली.

फोन शनिवारी दुपारी आला. बुरुल नूडल्ससाठी पीठ मळत होती, हात बरबटलेले, फोन कोपरानं दाबून टेबलावर ठेवावा लागला. "उल्जान बोलतेय, कोच्कोरहून," पलीकडून आवाज आला, जाड आणि सावकाश, जसा लांबून हाका मारायची सवय असलेल्या बाईचा असतो. "तू ती आमच्यावर लिहिणारी ना?"

"हो अपा. बुरुल. बऱ्या आहात? गाईगुरं, मुलंबाळं?"

"गाई बऱ्या आहेत. त्यांच्यावरही लिहिलंयस म्हणे. तीन आहेत, ते बरोबर मोजलंस." पलीकडं कुणीतरी हळूच "आई" म्हणालं, ती नणंद असावी. "गप गं. ऐक पोरी, मी शिकलेली नाही असं समजू नकोस, बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. माझ्या समोर तुझा कागद आहे, आमच्या पोरीनं सगळ्या आकड्यांपुढं नावं लिहिलीत. मला एकच सांग. सतरा नंबर कोण? आमची सून म्हणते ती नाही. सून खोटं बोलते असं मला म्हणायचं नाही, तू म्हण काय ते."

सांगता येत नाही, हे शब्द बुरुलच्या जिभेवर होते. ते गुळगुळीत होते, अकरा पानांच्या अर्जातले होते. पिठातला हात तिनं तसाच धरला होता आणि बोटांमधलं पीठ सुकून ओढत होतं. "सतरा मी आहे, अपा," ती म्हणाली.

पलीकडं कोंबडी ओरडली. "तू? वय काय तुझं?"

"एकोणचाळीस."

"नवरा?"

"होता."

"हं. कळलं का गेला ते." तिनं हे दुष्टपणानं म्हटलं नाही, गणितातलं उत्तर ताडून पाहावं तसं म्हटलं. "आणि मग गोठा? मॉस्कोची बहीण? सासर? एवढी विद्यापीठातली बाई, तुला आमच्याच गावची सून व्हावंसं वाटलं?"

"आमच्यात ओळख लपवायला तपशील बदलतात. मी माझे काढले आणि ऐकलेले घातले. कुमुश माझी सख्खी बहीण नाही, गटात सगळ्याच एकमेकींना बहीण म्हणतात. गोठ्याचं तर किती जणींकडून ऐकलं. सगळ्या सुना तेच करतात, अपा."

"सगळ्या सुना," उल्जान म्हणाली. "आमच्या वेळी फोन नव्हता. मी पत्रं पिठाच्या पोत्यात ठेवायची. बरं ते राहू दे. तू सतरा आहेस ना? मग सांग तुझे सात. ज्याला सात येतात तो त्या घरचा. कागद माझ्यापुढं आहे."

बुरुलच्या तोंडात पहिलं नाव आलं ते अर्चा. तिची माळ तिथूनच सुरू होई. तीन वर्षांत ती तिला आपल्या खऱ्या सात बापांइतकी पाठ झाली होती. 'अ' ओठांपर्यंत आला आणि तिनं तो खोकल्यात घालवला. आईविना जन्मल्यासारखं पुढच्या नावापासून सुरू करायचं होतं. "कुमुश. सारी-काझ. बोरसोक."

"बोरसोक!" उल्जान म्हणाली. "तळलेल्या गोळ्याच्या पोटी जन्मलात. चालू दे."

"तेमिर-तिश, लाला, तिनार." सहा झाले. तिचे स्वतःचे सात इथंच संपत, एरवी ती इथंच थांबे. सातवीचं नाव तिला आठवून काढावं लागलं, स्वतःची जागा सोडून एक पायरी वर चढावं लागलं. "आणि जानिल. तिच्यापासून सगळ्या."

कागदाची सळसळ. "बरोबर आहे," उल्जान म्हणाली. तिच्या आवाजात निराशा होती की सुटका होती, ते बुरुलला कळेना. फोन आता ठेवतील, झालं, असं तिला वाटलं. पिठाच्या हातानंच तिनं खुर्ची ओढली. तेवढ्यात आवाज परत आला, मघापेक्षा हळू. "ती गोष्ट तू लिहिलीस म्हणायची. लाज नाही वाटली ते जाऊ दे, ते तुझं तू बघ. पण अर्धीच आहे ती. तो कुबात खिंडीत उभा आहे, घरून लग्नाला बोलावणं आलंय, मागं तो दुसरा पोरगा झोपडीत आजारी. बर्फ पडतंय. आणि पुढं काहीच नाही. पुढं काय होतं?"

तीन वर्षं. चारशे बारा पानांच्या नोंदी. कोणता शब्द किती वेळा येतो, कोणत्या दिवशी किती पोरी वाचतात, कुणाच्या प्रतिसादात किती डोळे पुसले जातात, हे सगळं तिनं मोजलं होतं. पुढं काय होतं, हे तिला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. पलीकडं म्हातारी उत्तराची वाट बघत होती. लिहिणारीला हे ठाऊक नसेल असं कधी होईल? एक-एक क्षण मोजल्यासारखा जात होता. आणि त्या घाईत बुरुलनं समोरची बाई पाहिली, गोष्ट पाहिली नाही. कोच्कोरची सासू, मुलगा परदेशात, रविवारच्या फोनची वाट बघणारी. तिला काय आवडेल, एवढंच तिच्या मनात आलं. "कुबात घरी जातो, अपा," ती म्हणाली. "आई वाट बघत असते. तो जातो."

"जातो ना?" उल्जानचा आवाज एकदम ओला झाला. "मी म्हटलंच होतं पोरीला. आईचं बोलावणं आलं की पाय राहत नाही. आणि तो दुसरा?"

"तो घोडी सांभाळतो."

"बिचारा. खायला कोण घालणार त्याला?" नाक ओढल्याचा आवाज. "लिही लवकर. अयझाद वाचून दाखवेल. लिहिलंस की कळेलच आम्हाला." आणि निरोपाचा एकही शब्द न बोलता तिनं फोन ठेवला.

बुरुलला त्या दुपारी हलकं वाटलं. खोटं बोलून इतकं हलकं वाटतं हे तिला माहीत नव्हतं. नूडल्स तिनं जाडच कापल्या आणि दोन वाडगे खाल्ले. जे पुसलं ते भरून दिलं, असं काहीतरी ती मनात जुळवत होती. आपण लेक होतो, आईच्या जागी उभं राहिलो, फटका अंगावर घेतला. उद्या विद्यापीठात कुणी म्हणेल, ही बाई दोन पोरांच्या असल्या गोष्टी लिहिते. म्हणू देत. दूध काढायच्या वेळी बेर्मेतचा निरोप आला तो तिनं जवळजवळ आनंदानं उघडला.

"एजे, सुटले मी. सासूबाई काही बोलल्या नाहीत, मला लोणी घालून भाकरी दिली फक्त. तुम्ही फार मोठं काम केलंत." धारा पडत होत्या, संथ. "पण तुम्ही त्यांना काय सांगितलंत? कुबात घरी जातो? एजे, तो जात नाही. मी ते लिहून ठेवलंय, पुढची तिन्ही पानं. उन्हाळ्यापासून लिहीत होते. तो घोडं वळवतो." धारा थांबल्या. "मला त्यांना निदान त्या खिंडीत तरी एकत्र ठेवायचं होतं. दुसरं काही नाही माझ्याकडं."

बुरुलनं लिहिलं: तू तुझंच टाक. सासूबाईंना मी सांगते, विचार बदलला. लिहिता लिहिताच तिला कळलं की असं होणार नाही. बत्तीस वर्षं वह्या तपासलेल्या बाईला मागाहून बदललेलं उत्तर लगेच कळणार. एकदा घरी पाठवलेला पोरगा मागं वळला, तर ती विचारेल, लिहिणारीला आपलंच ठाऊक नव्हतं का? बेर्मेतचं उत्तर आलं, आणि तिनंही तोच हिशेब केला होता. "नको. जातो म्हणालात, तर त्याला जाऊ द्या. पण मला ते लिहवणार नाही. अर्चाचा पासवर्ड देते, तुम्ही लिहा. नाहीतरी आता तुम्हीच ती."

रविवारी सकाळी बुरुल लिहायला बसली. जन्मात तिनं कधी गोष्ट लिहिली नव्हती. कुबातला खिंड उतरवायला तिला चार तास लागले. प्रत्येक वाक्याला तो मागं बघत होता आणि ती त्याला पुढं ढकलत होती. घोड्याच्या पायाखालचं बर्फ, आईच्या घराचा धूर, अंगणात उभी आई. सगळं ठीक होतं, सगळं मेलेलं होतं. तिनं ते अर्चाच्या नावानं टाकलं. गटात पोरी रडल्या, दोघी-तिघींनी शिव्या घातल्या, एकीनं लिहिलं, "तुम्ही थकलात का हो?" संध्याकाळी बेर्मेत बोलली. "आज घरात मोठ्यानं वाचलं ते. ह्यांचा फोन यायच्या आधी. सासूबाई रडल्या, म्हणाल्या, आता कशी पूर्ण झाली. मला चहा ओतायला सांगितलं. मी ओतला." तिच्या आवाजात काहीच नव्हतं, चहाची ऊबसुद्धा नव्हती. "ह्यांना काही सांगितलं नाही त्यांनी. फोन माझ्याकडंच आहे."

पंधरा मिनिटांनी तीन पानं आली. वर एकच ओळ होती: "हे कुठं टाकायचं नाही, एजे. तुमच्या कागदातही नाही, आकड्यांनीही नाही. तुम्ही वाचा, एवढंच." अकरा पानांच्या अर्जात चाळीस जणींनी काय काय नाकारलं असतं, ते कुणी कधी विचारलं नव्हतं. हा पहिलाच नकार होता, आणि तो विश्वासानं दिला होता, याची बुरुलला लाज वाटली. तिनं टेबलावरची पेन्सिल उचलून खणात टाकली आणि खण लावून घेतला.

तिनं ती पानं एकदाच वाचली. कुबात घोडं वळवतो. झोपडीशी येतो तेव्हा दिवस बुडालेला नसतो. इलिम दार उघडतो, तापानं उभं राहवत नसतं, दाराला धरून उभा राहतो, आणि एक वाक्य बोलतो. बुरुल ते वाक्य वाचून उठली, खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली. असं वाक्य वाचलं की माणसाला ते लगेच कुणाला तरी सांगावंसं वाटतं. मारात बायकेंना, वर्गातल्या पोरांना, मेलेल्या वडिलांना, मिनीबसमध्ये शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही. रविवार गेला, सोमवार गेला. ती तास घेत होती, चालत होती, धुरात खोकत होती, आणि ते वाक्य तिच्या तोंडात होतं. तिनं ते कुणालाही सांगितलं नाही.